दोन ठोक्यांमधलं पाणी

आमच्या गावात बोअर घ्यायचा म्हटलं, की मशीनवाल्याच्या आधी तात्यांना निरोप येतो. तात्या म्हणजे माझे वडील, गहिनीनाथ. पाणाड्या. उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी रानात चालायचं, आणि नारळ जिथे आपोआप उभा राहील तिथे टाचेनं खूण करायची. चालताना बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. काम झालं की तोच नारळ घरी आणायचा आणि देव्हाऱ्यात ठेवायचा.

पाथर्डी तालुक्याच्या या पूर्वेच्या टोकाला पावसाळा सरला की विहिरींचे तळ दिसायला लागतात. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जातं. मागे उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि माझ्यासारखे हट्टी लोक. मी, धनश्री, फाट्यावर मेडिकलचं दुकान चालवते. लग्न झालं होतं, मोडलं, माघारी आले. त्यावर कुणी कळवळून बोलायला लागलं, तर त्याला औषध न देता हाकलते.

तात्यांच्या नारळावर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी दाखवलेल्या जागांपैकी निम्म्या कोरड्या जायच्या. माझं म्हणणं, डोळे मिटून दगड मारला तरी निम्मे लागतात.

"तात्या, तुमीच हात कलता करता," मी म्हणायचे.

"आसंल बाई. पर हाताला कोन सांगतं, कलता हो म्हनून?"

यावर मी चिडायचे. मी किती लवकर चिडते, हे अख्ख्या फाट्याला माहीत आहे.

एका जागेवर मात्र तात्या कधी नारळ घेऊन गेले नाहीत. शाळेच्या मागची बुजवलेली विहीर. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या तळाशी झऱ्यात वाटी-वाटीनं पाणी साचायचं, आणि ते भरायला अंगानं हलकी पोर दोराला बांधून खाली सोडायचे. एका दुपारी खाली होती तात्यांची मोठी बहीण, केशर. वर दोर धरून तात्या, तेव्हा अगदी लहान. केशरनं कळशी भरली, दोराला बांधली, तात्यांनी ती वर ओढून घेतली. दोर पुन्हा खाली सोडायच्या आत विहिरीची कड ढासळली. माणसांनी उकरून पाहिलं, वरून आणखी माती यायला लागली, तेव्हा थांबले. ती आतच राहिली आणि तिच्यावरच विहीर बुजली. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मलाही आईनं एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

तर मागच्या वर्षी तात्यांना धाप लागायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं चपला घालायला वाकलं तरी. नगरला नेलं. बोर्डावर अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे. तपासणीत निघालं ते असं, की हृदयातून अंगभर रक्त जातं तिथली झडप चुना साचून कडक झालेली आहे. छाती उघडून बदलावी, तर तरुणपणी खडी क्रशरवर काम करून फुफ्फुसं दुबळी झालेली. म्हणून जांघेतून नळी घालून, रक्ताच्या वाटेनंच नवी झडप आत नेऊन बसवायचं ठरलं.

डॉक्टर भला माणूस. मोबाईलवर चित्र दाखवून त्यांनी तात्यांना सगळं समजावलं. धातूची जाळी, आत तीन पाकळ्या.

"ह्या पाकळ्या कशाच्या?" तात्यांनी विचारलं.

"गुराच्या काळजाभोवती पातळ पडदा असतो ना, त्याच्या."

"गाय का बैल?"

"ते कंपनीला माहीत, बाबा." डॉक्टर हसले.

तात्या हसले नाहीत. "गुराला पानी लांबनं कळतं," एवढंच बोलले. मी ते बोलणं तिथेच सोडून दिलं. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

झडप छान बसली. दुसऱ्या दिवशी तात्या वॉर्डात चालत होते आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याच्या रानात पाणी कुठे असेल ते सांगत होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मेडिकलवाली म्हणून मला जरा जास्तच ऐकवलं. जांघेतली जखम सुजतेय का बघा, रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवू नका, ताप आला तर अंगावर काढू नका. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. नव्या झडपेच्या अगदी शेजारून हृदयाची वीज वाहते. झडपेचा दाब त्या वाटेवर पडतो. यांच्या ईसीजीत थोडा फरक दिसतोय. बहुतेकांचा निवळतो. पण एखाद्याची वाट घरी गेल्यावर अचानक बंद पडते, मग ठोका गळतो. चक्कर, अंधारी, क्षणभर भान जाणं, यातलं काहीही झालं तर तडक इकडे आणा. मग पेसमेकर बसवावा लागेल. उशीर केलात तर जिवावर बेतेल."

मी ते पाठ केलं. चक्कर, अंधारी, भान जाणं.

घरी आल्यावर तात्या सवयीनं आधी गोठ्यात गेले. आमची गाय त्यांची लाडकी. ते आले की मान त्यांच्या खांद्यावर टाकायची. त्या दिवशी ती दाव्याच्या टोकापर्यंत मागे सरली. कान ताठ करून त्यांच्या छातीकडे बघत राहिली. मग हळूहळू पुढे आली आणि सदऱ्यावरूनच त्यांची छाती चाटायला लागली. नवं वासरू चाटतात तशी, थांबेचना. आई, म्हणजे पुष्पावती, आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"औषधाचा वास येत असंल तिला," मी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली, आणि तात्यांचा हात धरून त्यांना घरात घेऊन गेली.

मी रोज सकाळी जखम बघायची, नाडी धरायची आणि तेच तेच विचारायची.

"चक्कर?"

"न्हाई."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"न्हाई. आगं धने, झडप माज्यात बसीवली का तुज्यात?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग आसाराम आला. आसाराम म्हणजे ओढ्यापलीकडचा शेतकरी, तात्यांचा जुना भक्त. मी दुकानात असताना त्यानं तात्यांना गाडीवर बसवून रानात नेलं. मला कळलं ते गिऱ्हाइकाकडून. "ताई, तात्यांनी कमाल केली! नारळ टनकन हुबा. आन बोअरला पानी तर आसं उडालं, मशीनवाला भिजला." मी त्या गिऱ्हाइकासमोरच आसारामच्या सात पिढ्या उद्धारल्या.

पण गावाला तोंड फुटलं होतं. एकामागून एक लोक यायला लागले. शेवगावकडून आले, पार जामखेडकडूनही आले. मी दुकानात गेले की हे निघालेच. आणि एकही जागा कोरडी जाईना. जिथे निम्म्या जागा चुकायच्या, तिथे आता एकही चुकत नव्हती. लोक म्हणायचे, झडप बदलली आन नजर आली. दोन बायका तर त्यांच्या पाया पडून गेल्या. तात्या कुणाला काही म्हणत नसत. रानातून आले की गोठ्यात बसायचे, आणि गाय त्यांची छाती चाटत राहायची.

एके दिवशी भर दुपारी आसाराम दुकानात आला. पित्ताची गोळी मागितली. मी ती काउंटरवर आपटली. तरी तो जाईना.

"ताई, येक सांगू का? राग न्हाई ना यायचा?"

"तो आलेलाच हाय. सांग."

"नारळ हुबा ऱ्हातो ना, तवा तात्या तितं नसत्यात."

"म्हंजे?"

"डोळे उघडे आसत्यात, पर आत कुनी नसतं. हाक मारली तरी वळत न्हाईत. तोंड राखेवानी पांढरं. मग येत्यात माघारी. आन आदी आदी लगी यायचे, आता उशीर लागतो."

बाहेर एवढं ऊन होतं की डांबराचा वास येत होता. मी शटर ओढलं आणि घरी गेले.

तात्या ओसरीवर होते. मी सरळच विचारलं, नारळ उभा राहतो तेव्हा काय होतं. त्यांना आनंदच झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल धड प्रश्न विचारला होता.

"आदी पाय बधिर हुत्यात. मग मानसांचा आवाज लांब लांब जातो. मग समदं गप. छातीतलं सुदीक गप. आन त्या गपमधी खाली पानी चाललेलं ऐकू येतं. लई सोच्छ."

"तात्या, यालाच चक्कर म्हनतात! रोज इचारते ना मी?"

"मला चक्कर ठाऊक न्हाई व्हय? उन्हात येती ती चक्कर. ह्ये पानी लागनं हाय, बाई. जनावराचं काळीज बसीवलंय, ते पान्याकडं वळतंय."

ते एकदाही खोटं बोलले नव्हते. मी रोज त्यांची नाडी धरून भलतंच विचारत होते. ठोका गळेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आमच्या गावात गळलेल्या ठोक्याच्या जागी लोक टाचेनं खूण करून बोअर घेत होते.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्याची वाट बघू नका, आत्ता निघा. आसारामचीच जीप काढायला लावली. तात्या पिशवी घेऊन जीपमध्ये बसले. मला वाटलं, जिंकले. वाटेत वाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "जरा थांब. ह्या मानसांना शबुद दिलाय. तेवढं करतो आन येतो." मी नाही म्हणायच्या आत पायातल्या चपला जीपमध्ये काढून ते खाली उतरले होते. नारळ त्यांच्या पिशवीतच होता.

मी धावत गेले आणि त्यांचं डावं मनगट धरलं. "जायचं तर अशीच चलनार मी."

"चल की."

उजव्या हातावर नारळ, डाव्या हाताला मी. मागे वाडीची माणसं, मुकाट. काढलेल्या तुरीची खुंटं तळव्यांना टोचत असतील, पण ते संथ चालत होते. माझ्या बोटांखाली नाडी चालली होती. बांधाजवळ ती अडखळली. एक ठोका. मग बऱ्याच वेळानं एक. मग नाही.

मी बोटं दाबली. नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या तळहातावरचा नारळ शेंडीकडून वर उचलला जायला लागला. हात कलता नव्हता. मी शपथेवर सांगते, हात दगडासारखा सपाट होता. नारळ सरळ उभा राहिला, आणि माझ्या बोटांखाली मनगट नुसतं मनगट होतं. तात्यांचे डोळे उघडे होते. मी हाक मारली, आणि ती कोरड्या आडात टाकल्यासारखी कुठेच पोचली नाही.

मग बोटांना एक धक्का लागला. एक ठोका. मग दुसरा. नारळ आडवा पडला. तात्यांनी टाच रेटून खूण केली आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मागची माणसं "लागलं, लागलं" करत होती. मी मनगट सोडलं नाही.

"चला नगरला," मी म्हणाले.

ते बांधावर बसले. "म्या न्हाई येनार, धने."

"मराल तुमी!"

"ते डाक्टरचं ठोक्याचं मशीन काय करतं? ठोका पडला न्हाई की सोता टाकतं, व्हय ना? म्हंजे फट ठिवीत न्हाई. त्या फटीतच तर..." ते थांबले. माणसं लांब गेल्याची खात्री करून घेतली. "पान्यासाठी न्हाई ग. तितं खाली आक्का आसती."

आक्का म्हणजे केशर. मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

"पयल्यांदा नुसतं पानी. दुसऱ्या बारीला आवाज आला. कुटं बी जा, कुनाच्या बी रानात, खाली तीच. म्हनती, गहिन्या, दोर सोड. म्या दोर हुडकतो, आन दोर घावायच्या आत हितं माघारी येतो. एकडाव तरी सोडू दे. पन्नासावर वरसं झाली, पोर खाली हाय."

मला त्यांना दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या आणि गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. आसाराम आणि मी त्यांना उचलून जीपमध्ये घालायला गेलो, तर वाडीची माणसं मध्ये पडली. "ताई, चांगले तर हाईत. जबरदस्ती कशापायी?" जीप माघारी फिरली. डॉक्टर फोनवर माझ्यावरच ओरडले. मी ठरवलं, सकाळी अँब्युलन्सच बोलवायची आणि हातपाय बांधून न्यायचं. बाप असला म्हणून काय झालं.

सकाळी मी फाट्यावर अँब्युलन्सची वाट बघत होते, तेव्हा आई पळत आली. माझी आई पळताना मी कधी पाहिली नव्हती.

"त्ये न्हाईत घरात. देव्हाऱ्यातला नारळ न्हाई. आन गाय मोकळी सुटलीय, तिचा दोर न्हाई."

कुठे ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी शाळेकडे धावले.

मधली सुट्टी असावी. सगळी पोरं मागच्या कुंपणाला टेकून उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. पलीकडे बाभळींच्या मध्ये जमीन जरा खचलेली आहे, तिथे तात्या उभे होते. उजव्या हातावर नारळ, ताठ उभा. डाव्या हातात गाईचा दोर, त्याचं टोक मातीवर सोडलेलं. शेजारी गाय, नाक जमिनीला लावून. मी पोचले तेव्हा दोर त्यांच्या मुठीतून सरकत होता, सावकाश, हातभर, आणखी हातभर. तो मातीवर पडत होता असं मी म्हणते, कारण दुसरं काही म्हणता येत नाही.

मग ते माझ्या अंगावर कोसळले.

नाडी नाही, गळ्याशी नाही, श्वास नाही. कधीतरी तालुक्याला शिबिरात रबरी बाहुलीच्या छातीवर दाबायला शिकले होते. तेच करायला लागले. नवी झडप मोडेल का, असा विचार मनात आला आणि मी त्याला शिवी घातली. दाबत होते, ओरडत होते, पोरांना म्हणत होते की मास्तरांना बोलवा. दाबता दाबता थकून माझं डोकं त्यांच्या खांद्याशी, मातीजवळ आलं, आणि मला पाणी ऐकू आलं. खाली, खूप खाली, दगडांवरून चाललेलं. मी विज्ञान शिकले आहे. कानात स्वतःचंच रक्त वाजतं, हे मला माहीत आहे. तरी मी ऐकलं ते पाणी होतं.

मग मी ज्या बाईला कधी पाहिलं नाही, जी माझ्या निम्म्या वयाची असताना गेली, तिच्यावर ओरडले. "आत्या, सोडा त्यांना! माजा बाप हाय तो. सोडा!"

गाय हंबरली. हातांखाली काहीतरी हललं. तात्यांनी घशातून घरघरत श्वास ओढला.

पुढचं सगळं माणसांचं काम होतं, आणि माणसांनी ते चोख केलं. अँब्युलन्स फाट्यावर आलेलीच होती. पाथर्डीला इंजेक्शन दिलं, नगरला पोचताच मानेच्या शिरेतून तात्पुरती वायर हृदयात सोडून ठोके चालू ठेवले. नंतर गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले, झडपेच्या दाबानं विजेची वाट पूर्ण बंद झाली आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. मला ते रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

तात्या शुद्धीवर आले ते भांडतच. आवाज नव्हता, तरी भांडत होते. "का वढलंस मला? दोर पोचला हुता ग. तिनं हात वर केला हुता." डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. बसवलेलं मशीन काढून टाका, असं त्यांनी नर्सला दोनदा सांगितलं. जेवायचं त्यांनी सोडलंच होतं.

मी आयुष्यात कुणाची समजूत काढलेली नाही. मला येतच नाही. मी गेले आणि त्यांच्या छातीचा एक्स-रे आणला, खिडकीच्या उजेडात धरला. खांद्याजवळ मशीनची छोटी डबी, आणि तिच्यातून निघून खाली, थेट हृदयाच्या तळापर्यंत गेलेल्या बारीक पांढऱ्या वायरी.

"ह्ये बगा तात्या. वरून खाली. कुटवर गेलाय? पार तळाला. दोरच हाय ना ह्यो? आता सोडलाय. रातंदिस सोडलेलाच ऱ्हानार. तुमी तेवढा वर वढून घिऊ नका."

त्यांनी बोटानं ती रेघ वरपासून खालपर्यंत गिरवली. मग म्हणाले, "भाकर हाय का काई?"

मला एवढं हायसं वाटलं की मी जिन्यात जाऊन रडले. बापाला फसवून जगवलं, असंच मला वाटत होतं.

घरी आल्यावर नारळ काही उभा राहिला नाही. लोक आले, तात्यांनी त्यांच्या रानातून फेऱ्या मारल्या, नारळ गप्प आडवा. हळूहळू लोक यायचे थांबले. गाईनं छाती चाटायचं सोडलं आणि पुन्हा खांद्यावर मान टाकायला लागली. विहिरीवर पडलेला नारळ कुणी उचलला नाही. तो मातीत निम्मा गेलाय, आणि त्याच्याभोवतीची माती भर वैशाखात ओलसर असते. तिथे बोअर घेऊ म्हणणाऱ्यांना मी काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तात्या मात्र शांत झाले. ओसरीवर शेंगा फोडत बसायचे. मला वाटलं, संपलं.

मग मशीनच्या तपासणीला नगरला गेलो. तपासणारी मुलगी गोड होती. छातीवर एक चकती ठेवून ती म्हणाली, "आजोबा, मशीन जरा वेळ हळू करते. तुमचा स्वतःचा ठोका किती आहे ते बघायचंय. थोडं हलकं वाटेल, घाबरू नका."

पडद्यावरचे ठोके लांब लांब गेले आणि रेघ सपाट झाली. मी तात्यांकडे बघितलं. डोळे उघडे होते. आत कुणी नव्हतं. त्यांचे दोन्ही हात पोटावरून उठले, एकापुढे एक मुठी वळल्या, आणि दंडाच्या शिरा तटतटून फुगल्या. काहीतरी जड, खूप जड, ते हातांनी पेलत होते.

"बास!" मी ओरडले. तिनं आधीच मशीन पूर्ववत केलं होतं. ठोके परत आले.

"स्वतःचा ठोका अजिबात नाही," ती मुलगी म्हणाली. "पूर्ण मशीनवरच आहेत. पण काळजी नको, बॅटरी पुष्कळ वर्षं चालते."

तात्यांनी मुठी उघडल्या. दोन्ही तळहातांवर आडवे लाल वळ होते. त्यांनी ते मला दाखवले, आणि पहिल्यांदाच कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाले, "धने, तू खरं बोलली हुतीस. दोर पोचला. धरलाय तिनं."

तेव्हापासून मी त्यांना चक्कर विचारत नाही. रोज सकाळी नाडी मात्र धरते. मशीनचे ठोके एकसारखे पडतात, त्यांच्यात आता फट म्हणावी अशी नाही. तरी दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढी जागा असते तेवढ्यात माझ्या बोटांना खालून ओढ लागते. बारीक, पण रोज. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात.

"वजन लागतं का ग?" ते विचारतात.

"न्हाई, तात्या," मी म्हणते. मनगट माझ्या हातात असताना ते कधी खोटं बोलले नव्हते. मी रोज बोलते, आणि हात सोडत नाही.